‘आपला विश्वासू’नंतरचा स्वल्पविराम

पत्राचा मजकूर नेटका आहे, विषय एका ओळीत मांडला आहे, मागणी काय ते वाचणाऱ्याला लगेच कळते. तरीही तळाशी ‘आपला विश्वासू’ या दोन शब्दांपुढे स्वल्पविराम नाही म्हणून तिथे तांबड्या शाईचा गोल पडतो आणि अर्धा गुण जातो. मुलांच्या वह्यांत हे मी अनेकदा पाहिले आहे. दुसऱ्या शाळेतल्या बाई त्याच जागेकडे लक्षही देत नाहीत. तिसरीकडे ‘विश्वासू’नंतर पूर्णविराम द्या म्हणून सांगतात. बाजारातली गाइडे उघडली तर तिन्ही तऱ्हा सापडतात, कधीकधी एकाच पुस्तकात. आता मुलाने नियम म्हणून शिकायचे तरी काय?

माझे म्हणणे असे की मराठी पत्रात या जागी स्वल्पविरामाची गरजच नाही. तो मराठीच्या व्याकरणातून आलेला नाही, इंग्रजी पत्राच्या नमुन्यावरून उचलला गेला आहे. ज्याला द्यायचा त्याने खुशाल द्यावा. पण न दिल्याबद्दल कुणाचा गुण कापू नये आणि कुणाचा अर्ज खिडकीवरून परत करू नये. त्याच्या पुढे जाऊन मी म्हणेन की मराठी पत्राचा शेवट पूर्ण वाक्याने, पूर्णविराम देऊन व्हावा आणि त्याखाली सरळ नाव यावे. आपल्या भाषेत पत्र पूर्ण वाक्यानेच संपत आले आहे.

आधी व्याकरण पाहू. ‘आपला विश्वासू’ हे शब्द खाली येणाऱ्या नावाविषयी आहेत. लिहिणारा पुरुष असेल तर ‘आपला’, बाई असेल तर ‘आपली’, गावकऱ्यांनी मिळून अर्ज केला तर ‘आपले’. नावाबरोबर हे शब्द बदलतात, म्हणजे ते त्या नावाला बांधलेले आहेत. असे बांधलेले शब्द आणि नाव यांच्यामध्ये मराठी स्वल्पविराम देत नाही. ‘माझा धाकटा भाऊ रमेश’ असे आपण लिहितो. ‘संत तुकाराम’, ‘कवी केशवसुत’, ‘आमच्या शेजारीण शोभाताई’ यांतही मध्ये काही येत नाही. मग ‘आपला विश्वासू रमेश’ यातच का यावे? कुणी म्हणेल, इथे ओळ तुटते, मध्ये सहीसाठी जागा असते, म्हणून चिन्ह हवे. पण ओळ तुटली, मध्ये दोन बोटे जागा सुटली, तीवर सही झाली, एवढ्याने शब्द वेगळे दिसायला काही कमी राहिले का? मोठ्याने वाचून पाहा. त्या जागी आवाज थांबतो तो ओळ संपली म्हणून, वाक्यात खंड पडला म्हणून नव्हे.

इंग्रजीत हा स्वल्पविराम आला त्याला कारण होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी पत्रे काढून पाहिली की शेवटचे वाक्य तळापर्यंत वाहत आलेले दिसते: महाशय, मी आहे आपला आज्ञाधारक सेवक, अमुक अमुक. तिकडच्या वाक्यरचनेत ते स्वल्पविराम वाक्याचे तुकडे जोडत होते. पुढे वाक्य आटत गेले, ‘युअर्स फेथफुली’ एवढेच उरले आणि त्यामागचा स्वल्पविराम सवयीने जागेवर राहिला. खुद्द इंग्लंडमध्ये व्यावसायिक पत्रांतून गेल्या शतकातच तो गळू लागला. तिथे आजचा साधा दंडक असा की वर ‘डिअर सर’नंतर स्वल्पविराम दिला असेल तर खालीही द्या, वर नसेल तर खालीही नको. जर्मन पत्रात शेवटच्या अभिवादनानंतर कोणतेच चिन्ह येत नाही. फ्रेंच औपचारिक पत्र लांबलचक अदबीच्या वाक्याने संपते, त्याला क्रियापद असते आणि शेवटी पूर्णविराम असतो. जगभर एकच नियम आहे आणि आपण तो मोडतो आहोत, अशी परिस्थिती नाही. प्रत्येक भाषेने आपापल्या वाक्याच्या ठेवणीप्रमाणे शेवट ठरवला आहे. आपण मात्र इंग्रजीचा एका काळातला नमुना उचलला आणि त्यालाच शिस्त समजून बसलो.

इंग्रजी पत्राचा विषय निघालाच आहे तर मोठ्या अक्षरांबद्दलही सांगून टाकतो. त्या समारोपात पहिल्याच शब्दाचे पहिले अक्षर मोठे, दुसरा शब्द लहान अक्षराने. ‘युअर्स’चा वाय मोठा, ‘फेथफुली’चा एफ लहान. ‘युअर्स’मध्ये एसच्या आधी वर टांगलेले चिन्ह येत नाही. आपल्याकडच्या निम्म्याअधिक इंग्रजी अर्जांत मला दोन्ही चुका दिसतात आणि त्यांचा मला राग येत नाही, कारण त्या का होतात ते स्पष्ट आहे. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नाहीच. आपण मान देतो तो अनेकवचनाने, ‘श्री.’ लावून, ‘राव’ आणि ‘ताई’ जोडून. माझ्या पिढीने इंग्रजी ‘पहिली लिपी’, ‘दुसरी लिपी’ अशी गिरवली. पहिली म्हणजे मोठी, दुसरी म्हणजे लहान. मग मुलाच्या मनात मोठे अक्षर मानाचे चिन्ह होऊन बसते. साहेबांना लिहितो आहोत, तर फेथफुलीही मोठ्याच अक्षराने लिहिलेले बरे, असे त्याला वाटते. त्याला एवढेच सांगायला हवे की तिथे मोठे अक्षर ओळ सुरू झाली म्हणून येते, मान म्हणून नव्हे. एकदा कारण कळले की मूल चुकत नाही. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीचा नियम कारणासह शिकवा, मराठीच्या तासाला मराठीचा. माझी तक्रार आहे ती पहिला नियम दुसऱ्या तासाला आणून बसवण्याबद्दल.

मराठी पत्र पूर्वी कसे संपत होते ते पाहिले तर चिन्हांवाचून किती नीट काम चालत होते ते कळते. मोडीत लिहिणारा कारकून आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिला लटकवून अक्षरे लिहीत जाई. हात शक्यतो उचलायचा नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. तिथे स्वल्पविराम नव्हता, अर्धविराम नव्हता. तरी पत्र कुठे संपले याबद्दल वाचणाऱ्याला शंका राहत नसे, कारण शेवट ठरलेल्या वाक्यांनी होई. ‘बहुत काय लिहिणे.’ ‘जाणिजे.’ ‘कृपा लोभ असो द्यावा हे विनंती.’ (हे पूर्णविराम आज मी दिले आहेत, मुळात नव्हते.) ‘जाणिजे’ वरिष्ठाने कनिष्ठाला लिहायचे, ‘हे विनंती’ त्याच्या उलट. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर माथ्याला ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही मुद्रा असे आणि मजकूर जिथे संपला तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही लहान मुद्रा. या दुसऱ्या मुद्रेचे काम पक्के होते: हिच्या खाली कुणी एक अक्षर वाढवले तर ते राजाचे नव्हे. ‘मोर्तब सूद’ हे शब्दही त्याच कामाचे. मजकूर पुरा झाला, तपासला, शिक्का झाला. आजही एखादी गोष्ट पक्की झाली की आपण शिक्कामोर्तब झाले म्हणतो ते तिथूनच आले.

समारोप कशासाठी असतो, याचे उत्तर मला त्या मुद्रेत मिळते. कागद बंद करण्यासाठी. कोण लिहितो, कुणाला लिहितो, काय मागतो आणि इथे मजकूर संपला, हे सांगण्यासाठी. चेकवर आपण ‘रुपये पाच हजार फक्त’ लिहितो आणि उरलेल्या जागेत रेघ मारतो, ते याच जातीचे काम. ‘फक्त’ विसरलात तर धोका आहे. ‘विश्वासू’नंतरचा स्वल्पविराम विसरलात तर कुणाचे काय बिघडते?

आज आपण वापरतो ती बहुतेक चिन्हे मराठीत स्थिरावली एकोणिसाव्या शतकात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात असलेले आणि पुढे शिक्षणखात्यात मराठी पाठ्यपुस्तकांवर अधिकार गाजवणारे मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटे पुस्तक काढले. चिन्हे परकी आहेत म्हणून टाकून द्या असे मी मुळीच म्हणत नाही. छापील गद्याला त्यांचा फार उपयोग झाला. प्रश्नचिन्हावाचून आणि अवतरणचिन्हावाचून आजचे मराठी वाचणे अवघड होईल. प्रश्न एवढाच की चिन्ह आले तिथे ते काम करते का. वाक्यात गुंतलेले तुकडे सोडवायला स्वल्पविराम कामाला येतो. पत्राच्या तळाशी सोडवण्यासारखे काही नसते.

आता एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. आपल्या पत्रांत ‘आपला विश्वासू’च्या वर बहुधा एकटाच एक शब्द असतो: ‘कळावे,’. पुढे स्वल्पविराम. पुढची ओळ रिकामी, मग ‘आपला विश्वासू,’ आणि पुन्हा स्वल्पविराम. हा ‘कळावे’ तिथे असा लोंबकळत का राहिला? कारण मूळ समारोप होता ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती.’ त्यात तीन तुकडे होते, त्यांच्यामध्ये स्वल्पविराम रास्त होते आणि शेवटी पूर्णविराम होता. घरगुती पत्रांत हे इतके नित्याचे झाले की ‘क. लो. अ.’ एवढ्यावर भागू लागले, जसे वर ‘सा. न. वि. वि.’. मग औपचारिक पत्रांतून ‘लोभ असावा’ गळाले. कार्यालयाकडे लोभ मागायचा कशाला, हा विचार बरोबरच होता. ‘ही विनंती’ वरच्या परिच्छेदात गेले. मागे राहिला एकटा ‘कळावे’ आणि त्याचा स्वल्पविराम, ज्याच्यापुढे जोडण्यासारखे काही उरले नाही. खरे तर ‘कळावे’ हे क्रियापद आहे, ‘हे आपणांस कळावे’ याचा संक्षेप आहे, म्हणून ते पूर्ण वाक्य आहे आणि त्याला पूर्णविरामच शोभतो. पण आज एखाद्या मुलाने ‘कळावे.’ असे लिहिले तर ते चूक ठरण्याची शक्यता जास्त. ज्याने विचार करून योग्य चिन्ह दिले त्याचा गुण जातो आणि ज्याने नमुना पाहून उतरवले त्याला तो मिळतो. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त सलते ते हेच.

सरकारी कागदांत तरी एकवाक्यता असेल असे वाटेल. कोणताही शासन निर्णय घ्या. शेवटच्या परिच्छेदात तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे आणि त्याचा संकेतांक दिलेला असतो, डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचे वाक्य असते आणि मग येते ती ठरलेली ओळ: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. ही ओळ शोभेची नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्य शासनाची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त व्हावी लागते, म्हणून ती असते. तिच्याखाली उपसचिवांचे किंवा अवर सचिवांचे नाव आणि ‘महाराष्ट्र शासन’. या ओळीच्या शेवटी काही निर्णयांत पूर्णविराम दिसतो, काहींत स्वल्पविराम, काहींत काहीच नसते. तिन्ही प्रकारचे निर्णय सारख्याच जोमाने अंमलात येतात. कोट्यवधी रुपयांच्या योजनांना मंजुरी देणाऱ्या कागदावर जे चिन्ह कुणी मोजत नाही, ते चौदा वर्षांच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत मोजण्याचे कारण मला तरी सापडत नाही.

आणि मोजायचेच तर कशाच्या आधारावर? मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनाने स्वीकारले. १९६२ मध्ये चौदा, १९७२ मध्ये आणखी चार, असे अठरा नियम आजही प्रमाण मानले जातात. ते अनुस्वाराबद्दल आहेत, ऱ्हस्व-दीर्घाबद्दल आहेत, सामान्यरूपांबद्दल आहेत. पत्राच्या शेवटी स्वल्पविराम द्यावा असा नियम त्यांत नाही. विरामचिन्हे हा त्यांचा विषयच नाही. म्हणजे ज्याला आपण नियम म्हणून शिक्षा देतो तो नियम कुणी केलेलाच नाही.

शिक्षकांची बाजू मला माहीत आहे आणि ती हलकी नाही. शंभर उत्तरपत्रिका तपासायच्या तर काहीतरी पक्की फूटपट्टी लागते. मांडणीला ठरावीक गुण असले की तपासनिसांमध्ये फरक राहत नाही आणि एका मुलावर अन्याय, दुसऱ्यावर मेहेरबानी असे होत नाही. मुद्दा खरा आहे. पण फूटपट्टी हवी म्हणून जे दिसायला सोपे तेच मोजायचे, हे मला मान्य नाही. मांडणीत मोजण्यासारखे पुष्कळ आहे. दिनांक आहे का? ‘प्रति’खाली पदनाम आणि कार्यालय नीट लिहिले आहे का? विषयाची ओळ वाचून पत्र कोणत्या टेबलावर जायचे ते कळते का? मागणी शेवटी एका वाक्यात आली आहे का? खाली नाव, पत्ता, संपर्क आहे का? यांतला प्रत्येक प्रश्न हो-नाही असा सुटतो आणि यांतली प्रत्येक गोष्ट चुकली तर खऱ्या अर्जाचे काम अडते.

खरा अर्ज म्हणजे काय ते तहसील कार्यालयाच्या आवारात दिसते. तिथे झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून बसलेले अर्ज लिहून देणारे असतात. समोर बसलेल्या बाईंना सातबाऱ्यावरचे नाव दुरुस्त करून हवे असते. काय चुकले आहे, ते कसे असायला हवे, कोणता कागद सोबत जोडला आहे, हे त्या दोन मिनिटांत घडाघडा सांगतात. बोलताना एक शब्द अडत नाही. तरी त्या अर्ज स्वतः लिहीत नाहीत. लिहिता येत नाही म्हणून नव्हे. सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या असतात, घरातला हिशेब लिहीत असतात. ‘अर्जाची भाषा आम्हांला जमत नाही’, हे उत्तर मी किती जणांकडून ऐकले आहे. अर्जाची भाषा म्हणजे ‘मेहेरबान तहसीलदारसाहेब यांचे सेवेशी’, ‘सबब’, ‘कळावे’, ‘आपला विश्वासू’ आणि यांच्या आजूबाजूला कुठे काय द्यायचे त्याची भीती. ही भीती जन्मजात नसते, ती तांबड्या गोलांनी शाळेत घातलेली असते. मजकूर बरोबर असून शेवट चुकतो, हे एकदा मनावर ठसले की माणूस पुढे आयुष्यभर पैसे देऊन दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेतो.

कायदा मात्र असे काही मागत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले सहावे कलम वाचा. अर्ज लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने, इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत असावा असे ते सांगते. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लेखी करून घेण्यासाठी अधिकाऱ्याने शक्य ती मदत करावी, हेही सांगते. विश्वासू असल्याची ग्वाही तिथे कुणी मागितलेली नाही.

छापील अर्जांचा आणखी एक त्रास आहे. खाली ‘आपला विश्वासू’ आधीच छापलेले असते आणि त्याखाली बाईने सही करायची. काही ठिकाणी ‘आपला/आपली’ असे तिरक्या रेघेने भागवतात, मग नको ते खोडा म्हणतात. शेवट पूर्ण वाक्याने केला तर हा घोळ उरतच नाही. ‘तरी माझ्या अर्जावर कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ पूर्णविराम. खाली सही, नाव, पत्ता, भ्रमणध्वनी. हे वाक्य पुरुषाचे, बाईचे, बचत गटाचे, अख्ख्या गावाचे असू शकते. त्यात अदब पुरेशी आहे आणि लाचारी नाही. ज्याला ‘आपला विश्वासू’ आवडते त्याने ते जरूर लिहावे, मला त्या शब्दांचा आकस नाही. शेवटी भाषेत सवयीलाही किंमत असते.

हा विषय क्षुल्लक आहे असे कुणाला वाटेल, तर मी म्हणेन की चिन्ह क्षुल्लक आहे म्हणूनच त्यावरून गुण कापणे गैर आहे. दोन्ही बाजूंनी क्षुल्लक म्हणता येणार नाही.

करायचे काम लहान आहे. २००९ मध्ये शासनाने देवनागरी वर्णमालेतल्या अक्षरांची वळणेसुद्धा शासन निर्णयाने ठरवून दिली आणि २०२२ मध्ये त्यांत सुधारणा केली. अक्षराच्या वळणाचा निर्णय होऊ शकतो तर पत्राच्या शेवटाचा का होऊ नये? भाषा संचालनालयाने एक पान काढावे. त्यात दोन नमुने असावेत: एक पूर्ण वाक्याने संपणारा, एक ‘आपला विश्वासू’ने संपणारा. खाली स्पष्ट लिहावे की ‘कळावे’ एकटे आले तर पूर्णविराम, ‘आपला विश्वासू’नंतर स्वल्पविराम ऐच्छिक, आणि या कारणावरून कोणताही अर्ज अपूर्ण समजू नये. बालभारतीने तेच पान पत्रलेखनाच्या पाठाला जोडावे. आणि परीक्षा मंडळाने तपासनिसांना द्यायच्या सूचनांमध्ये एक ओळ घालावी: पत्राच्या समारोपातील विरामचिन्हासाठी गुण वजा करू नयेत.